दुखत नाही त्याचं औषध

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझे फोन येऊन गेले असं मोबाइल दाखवतो. अगं, तू मला फोन करतेस म्हणजे कमालच करतेस. सबंध नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली, कानाला यंत्र लावून साऱ्या गावाची बोलणी जोडून दिली, आणि आता माझ्याच कानांची लाइन तुटली आहे. समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून मला निम्मं कळतं, उरलेलं मी अंदाजाने भरते. फोनला ओठ नसतात. मेसेज पाठवशील, तर ती अक्षरं हल्ली मुंग्यांसारखी पळतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. दादा गेल्यापासून आपल्या दोघींचं बोलायचं राहूनच गेलंय.

इकडची मोठी बातमी म्हणजे पेन्शन वाढल्याचं पत्र आलं. मी लगेच खाली जाऊन चांगलं लोणी आणि ताजा पाव घेऊन आले. वर येताना जिन्यात घरमालक भेटले. भला माणूस आहे. बहिऱ्या बाईला कळावं म्हणून माझ्यासमोर उभे राहून, एकेक शब्द तोंडात घोळवत त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवावं लागेल. भाडेवाढीचं बोलणं मला पहिल्या झटक्यात समजतं. अशी ती पेन्शनची वाढ जिन्यातच संपली, घरात आलीच नाही. लोणी मात्र खाल्लं.

गुडघा कुरकुरतोय. कोपऱ्यावरचा केमिस्ट नवी किंमत सांगण्याआधी घसा खाकरतो. मला खाकरणं ऐकू येत नाही, पण त्याची मूठ तोंडाकडे गेली की मी पर्स घट्ट धरते. डाव्या खांद्यावर एक जांभळा डाग आलाय, कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. घर लहान आणि मी मोठी, दुसरं काय!

तू कशी आहेस ते लिही. ‘बरी आहे’ एवढंच लिहिशील तर पत्र परत पाठवीन.

माझ्यावर तुझा जीव आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
नणंद

१३ मार्च

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. बरी आहे. (पाठवा परत!)

तुम्ही लोणी खाल्लंत ते फार छान केलंत. मी तुमच्या जागी असते तर ते पाव आणि लोणी घरमालकांना दाखवून म्हटलं असतं, की बघा, अजून खातेय, तुमचं काही चुकत नाहीये.

इथे सगळं जागच्या जागी आहे. माणूस एक कमी, एवढंच. हे गेले आणि त्यांची पेन्शन माझ्यासाठी निम्मी झाली. ते मला मान्य आहे, कायदा आहे. पण घरपट्टी काही निम्मी झाली नाही. गॅस निम्मा जळत नाही, आणि दिवा काही माणसं मोजून उजेड देत नाही. आजारपणाच्या विम्याचा हप्ता यंदा इतका वाढलाय की तो भरण्यापेक्षा आजारी पडलेलं स्वस्त. बघू. बारकी दर रविवारी फोन करते आणि मी जेवले का ते विचारते. पोरगी पन्नाशीला टेकली तरी मला ती अजून बारकीच वाटते, आणि तिला मी तिची मुलगी वाटते. दुपारी मी हल्ली वाचनालयात जाते. या वयात वाचनाचा नाद लागलाय म्हणून हसू नका.

एक सहज विचारते. तो डाग डाव्याच खांद्यावर कसा? सासूबाईंना नाही का, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट नेहमी डावीकडूनच लागायची. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शेवटच्या कधी गेला होतात?

गुडघ्याला शेक देत जा. जिना एका दमात चढू नका. आणि या वेड्या भावजयीला आठवणीत ठेवा.

तुमची,
वहिनी

२ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू आणि वाचनालय! लग्नानंतर सहा महिन्यांत दादाने तुला एक जाड पुस्तक आणून दिलं होतं, त्यावर तू लोणच्याची बरणी ठेवायचीस. असो, उशिरा का होईना शहाणपण आलं.

माझा आठवडा जरा धडपडीचा गेला. खालच्या शिंप्याने आपली सायकल जिन्यापाशी लावली होती, ती आणि मी दोघी आडव्या झालो. शिंपी म्हणाला की ती तिथे रोजच असते. असेल. मग परवा रस्ता ओलांडताना एक बस माझ्या अगदी जवळ येऊन थांबली. ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून बरंच काही ऐकवलं. सुदैवाने मला त्यातलं काही कळलं नाही, पण आजूबाजूचे लोक लाजले. हल्ली माणसं आणि गाड्या बाजूने अशा अवचित उगवतात, जणू जमिनीतून निघाल्यात. कान नसले की असं व्हायचंच.

चहा कपाबाहेर ओतला जातो तेवढं सोडलं तर बाकी ठीक. टेबलावरचं कापड काढून टाकलं, धुण्याचा खर्च वाचला.

केमिस्टने परवा नवीन गंमत सांगितली. गुडघ्याच्या गोळ्या पूर्वी दहाच्या पाकिटात येत, आता त्याच भावात आठ येतात. पाकीट मात्र तेवढंच मोठं ठेवलंय, गोळ्यांना हवा खेळती राहावी म्हणून असेल!

बारकीला माझे आशीर्वाद. तू आहेस म्हणून मला माहेर आहे, ते विसरू नकोस.

तुझी,
नणंद

९ एप्रिल

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

तुम्ही चार पानं लिहिलीत आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. एक्स्चेंजात असताना नको तो नंबर तुम्ही असाच सफाईने टाळत असाल.

बस ऐकू आली नाही, हे मला पटतं. पण सायकल काही आवाज करत नाही, वन्सं. ती बघायची असते. आणि चहा कानाने ओततात असं मी कधी ऐकलं नाही.

तुमच्या आईंचं मी शेवटपर्यंत केलं. त्यांचा काचबिंदू कसा आला ते मी रोज बघत होते आणि तेव्हा मला समजत नव्हतं. आधी चौकट लागली, मग ताटाबाहेर वाढू लागल्या, मग अंगणात आलेला माणूस त्यांना अगदी पुढ्यात आल्याशिवाय दिसेना. आम्ही म्हणायचो, वय झालं. तुम्हाला तोच आजार निघाला तेव्हा तुम्हीच मला लिहिलं होतं की डॉक्टरांनी सकाळी एक आणि रात्री एक असे दोन औषधांचे थेंब दिलेत, ते जन्मभर घालायचे आहेत. तुमच्या पत्रांत आता गुडघ्याच्या गोळ्या येतात, थेंबांचं नाव येत नाही.

एक करा. खिडकीसमोर बसा. उजवा डोळा तळहाताने झाका आणि डाव्याने समोर बघा. मग काय दिसलं आणि काय नाही, ते जसंच्या तसं मला लिहा. विनोद नको.

वाट बघते.

तुमची,
वहिनी

१६ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

विनोद नको म्हणालीस, म्हणून हे पत्र दोनदा फाडून लिहिलं.

बसले खिडकीसमोर. उजवा डोळा झाकला. समोरच्या गच्चीवर बाई कपडे वाळत घालत होती. मला बाई दिसली, तिचा उजवीकडचा हात दिसला. दोरी मध्यापर्यंत दिसली आणि पुढे नव्हती. अंधार नव्हता, काळं काही नव्हतं. नुसतं नव्हतंच. मान थोडी डावीकडे वळवली की दोरी पुढे येई, कपडे येत, आणि वळवलेली मान सरळ केली की पुन्हा नाहीसे. मी हे बराच वेळ करत बसले. मग उजव्या डोळ्यावरचा हात काढला आणि समोरचं सगळं पुन्हा जागेवर आलं, म्हणून इतके दिवस मला पत्ताच लागला नसावा. उजवा डोळा डाव्याचं झाकून घेत होता.

आता थेंबांचं. मागच्या वर्षी रात्रीची बाटली महागली तेव्हा ती मी एक रात्र सोडून घालू लागले. मग सकाळचीही. भाडं वाढायच्या आधीच दोन्ही बंद झाल्या होत्या. वहिनी, मी काही अडाणी नाही. जन्मभर घाला म्हणून सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण तूच सांग, महिनाअखेर दुकानात उभं राहिलं की हात कशाकडे जातो? गुडघा रात्रभर ठणकतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, काही मागत नाही. मी जे दुखतं त्याचं औषध आणलं, आणि दुखत नाही त्याचं पुढच्या महिन्यावर टाकलं. पुढचा महिनाही तसाच आला.

रडत नाहीये, काळजी करू नकोस. कान गेले तेव्हा ओठ वाचायला शिकले. डोळे गेले तर काय वाचणार, असा विचार मात्र एकदा येऊन गेला.

तू यायची गरज नाही. तिकिटं महागलीत आणि तुझ्याकडे एकाची अर्धी पेन्शन आहे. मी आजपासून थेंब आणते.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
नणंद

२० एप्रिल

वन्सं,

नमस्कार वगैरे नंतर. आजच्यापुरतं मी तुला अगं-तुगं करणार आहे. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, आणि इतकी वर्षं अहो-जाहो करून तू कोणतं माझं ऐकलंस?

तू गप्प राहिलीस याचा राग येतो. मी इथे तुझे विनोद शेजारणीला वाचून दाखवत होते, आणि तिकडे तू बससमोर जात होतीस! पैसे नव्हते तर सांगायला काय झालं होतं? माझ्याकडेही नव्हते हे खरं. पण दोघींना मिळून एक बाटली परवडली नसती का? निदान दोघींनी मिळून काळजी तरी केली असती. काळजीला पैसे पडत नाहीत.

मंगळवारच्या गाडीने निघते आहे. स्टेशनवर यायचं नाही. रस्ता ओलांडायचा नाही. किल्ली शिंप्याकडे ठेव आणि त्याला म्हणावं सायकल हलव.

वहिनी

१४ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, कारण तुझी आत्या समोर बसून माझे ओठ वाचत होती. आता ती झोपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खाजगी डॉक्टरकडे आम्ही गेलोच नाही. सरकारी नेत्र रुग्णालयात गेलो. तिथला हॉल म्हणजे एखाद्या स्टेशनसारखा, बाकांवर सगळी आमच्याच वयाची माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत जुने कागद. माझ्या शेजारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. ते म्हणाले, माझी पेन्शन मी निवृत्त झालो त्या दिवसाइतकीच तरुण आहे, म्हातारा फक्त मीच झालो. सगळा बाक हसला. आत्याला मी ते तोंड तिच्याकडे करून सांगितलं, तर ती सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच हसली, आणि मग बाक पुन्हा हसला.

डॉक्टरीणबाई वयाने तुझ्यापेक्षा लहान, पण घाई न करणारी. तिने मला समजावलं की डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका बारीक वाटेने निघून जात असतं. ती वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. मला दोनदा सांगावं लागलं नाही. तुझ्या बाबांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेला, तुंबलेली वाट आणि वाढलेला दाब मी जेवणाच्या टेबलावर रोज ऐकत आले. मी विचारलं, गेलं ते परत येतं का? ती म्हणाली, नाही. जे गेलं ते गेलं, उरलेलं राखायचं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय. उजवा अजून चांगला आहे, पण तोही पुढेमागे जाणार, थेंब चुकवले तर लवकर. डाव्याचं ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढून देता येईल.

आता पैशांचं ऐक, म्हणजे मी पुढे काय ठरवलंय ते तुला कळेल. आत्याच्या खात्याची निवृत्तांसाठी योजना आहे. ऑपरेशनला दाखल झालं की ती खर्च देते. रोजचे थेंब मात्र त्यात बसत नाहीत. म्हणजे डोळा वाचवायला ती काही देणार नाही, डोळा कापायची वेळ आली की देईल. खिडकीवरच्या कारकुनाला मी हे बोलून दाखवलं. तो बिचारा म्हणाला, आजी, माझ्या वडिलांचंही असंच आहे. त्याच्यावर काय ओरडणार? थेंब सरकारी रुग्णालयात जवळजवळ फुकट मिळतात, पण ते महिन्याच्या महिन्याला स्वतः रांगेत उभं राहून घ्यावे लागतात. आणि नंबर पुकारतात, बारकी. तोंडाने पुकारतात. तिला ऐकू येत नाही आणि डावीकडचं दिसत नाही. मी नसते तर तिचा नंबर निघून गेला असता आणि ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली असती.

म्हणून मी ठरवलंय. आपलं घर भाड्याने द्यायचं आणि मी इथे येऊन राहायचं. तिला आपल्या गावी आणून उपयोग नाही, तिथे हे रुग्णालय नाही. इथलं भाडं दोघींत वाटलं जाईल, गॅस एक, दिवा एक. तुला विचारत नाहीये, कळवते आहे. रागावू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, नातवंडांना गोड पापे. तब्येतीला जप.

तुझी,
आई

२२ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कळवलंस, बरं झालं. विचारलं असतंस तर जास्त बरं झालं असतं.

आई, मी तुला बाबा गेल्यावर किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये. तू दर वेळी म्हणालीस की या वयात घर सोडवत नाही. आता आत्यासाठी ते एका महिन्यात सोडवतंय. मला आत्याचा राग नाही. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे तेव्हा ती मला एक्स्चेंजात मागच्या स्टुलावर बसवायची, ते मी विसरलेले नाही. पण लोक मला काय म्हणतील ते सोड, मीच मला काय म्हणू?

यांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणाले, तुझ्या आईला तुझ्याकडे पाहुणी व्हावं लागेल, तिकडे ती मालकीण असेल. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग विचार केला. इथे मुलांच्या फिया भरता भरता आमचीच ओढाताण चालते, आणि तू आलीस की तुला ती रोज दिसेल. मी न मागता तू तुझी पेन्शन माझ्या हातावर ठेवशील, आणि मी नको म्हणेन, आणि एखाद्या महिन्यात नको म्हणणार नाही. तसं झालेलं मला आवडणार नाही.

भाडेकरू शोधायला मी येते. परक्या माणसाच्या हातात किल्ली देताना तू एकटी नको. आत्याला सांग, तिच्यावर माझा अर्धाच राग आहे.

तुझ्या हाताचं पत्र येत राहू दे. फोनवर तू खोटं फार सफाईने बोलतेस.

तुझी,
बारकी

६ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू घर आवरायला गेलीस आणि इथे अचानक फार जागा झाली. या रिकाम्या जागेत बसून मी नीट विचार केलाय. तू येऊ नकोस.

हे मानभावीपणाने लिहीत नाही. तुझ्या लग्नानंतर तुला थोडे दिवस मिळाले असतील, मग आईचं आजारपण सुरू झालं. आईला न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठून बाथरूमला नेणं, सगळं तू केलंस. मग दादा. त्याच्या शेवटच्या वर्षात तू दवाखान्याच्या खुर्चीत झोपायला शिकलीस. आता कुठे तुझ्यामागचं उठवणं-बसवणं संपलंय, दुपारी जाऊन चार पानं वाचतेस, तर मी तुला पुन्हा कामाला लावू? आईचं झालं, मुलाचं झालं, आता मुलीचं? एका बाईने एका घराण्याची किती आजारपणं काढायची?

ऑपरेशनच्या वेळी चार दिवस ये. महिन्याच्या रांगेचं मी बघेन. शिंप्याची बायको सोबत यायला तयार आहे, मी तिला त्याबद्दल काही देईन. माझं चालेल. इतकी वर्षं एकटीने चालवलंच आहे.

हे वाचून तुला वाईट वाटेल. पण तुझं माझ्यावरचं प्रेम मला ओझ्यासारखं तुझ्याच पाठीवर ठेवायचं नाही.

तुझी,
नणंद

१२ जून

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र बारकीने मला वाचून दाखवलं, कारण माझे हात पुठ्ठ्याच्या खोक्यांत अडकले होते. वाचता वाचता ती रडली. मी नाही रडले. मला तुमचा थोडा रागच आला.

तुम्हाला वाटतं मी तुमची सेवा करायला येतेय. कोण म्हणालं? आता माझंही ऐका, कारण तुम्ही खिडकीपाशी बसून खरं लिहिलंत, आणि मी अजून लिहिलेलं नाही.

मी वाचनालयात वाचायला जात नव्हते. तिथे पंखा आहे. दुपारभर तिथे बसलं की घरचा पंखा लावावा लागत नाही. समोर पेपर उघडा ठेवायचा आणि अधूनमधून पान उलटायचं. वाचनालयाच्या बाई शहाण्या, त्यांनी कधी विचारलं नाही. विम्याचा हप्ता मी भरला नाही. ‘बघू’ लिहिलं होतं, तेव्हाच सोडून दिला होता. पुढची खोली मी बंद करून टाकली, एक दिवा कमी. स्वयंपाकघरात झोपते. आणि संध्याकाळी भांडी घासताना वाटतं की आता हे पंपावरून येतील आणि पाण्याच्या दाबाची कटकट सांगतील, आणि मी म्हणेन पुरे. ते पुरे म्हणायला आता कुणी नाही. पैसे नाहीत त्याचं एक वेळ जमवता येतं, वन्सं. पण पैसे वाचवत एकटीने बसून राहणं, ते मला जमेनासं झालंय.

तेव्हा मी तुमच्यासाठी येत नाही. मला अर्धं भाडं वाचवायचं आहे, दोन माणसांपुरता स्वयंपाक करायचा आहे आणि भांडायला समोर माणूस हवंय. रांगेत मी उभी राहीन. त्याच्या बदल्यात तुम्ही माझे पेन्शनचे कागद लिहायचे, बँकेत माझ्याबरोबर यायचं आणि तिथल्या बाबूंशी इंग्रजीत बोलायचं, ते मला कधी जमलं नाही. बाजार एक दिवस तुमचा, एक दिवस माझा. तुम्ही काम केलं नाहीत तर मी बोलून दाखवीन.

भाडेकरू मिळाले. नवरा-बायको दोघं शाळेत शिकवतात. बारकीने त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांना वाटलं घर दत्तक घ्यायचं आहे. रविवारी निघते. या वेळी स्टेशनवर या, पण शिंप्याच्या बायकोला सोबत घेऊन.

कपाटाचा एक कप्पा माझ्यासाठी रिकामा करा, आणि मनातला तर तुम्ही कधीच केलाय.

तुमची,
वहिनी

१८ ऑक्टोबर
पुढची खोली

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू दहा पावलांवर स्वयंपाकघरात आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. हसू नकोस. हे मोठ्याने बोलता येणार नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, आणि हे शिंप्याला ऐकू जायला नको.

काल डॉक्टरीणबाई खूश होती. ऑपरेशनला आता तीन महिने होत आले, डाव्या डोळ्यातला दाब उतरून स्थिरावलाय आणि उजवा थेंबांवर जागच्या जागी आहे. गेलेलं आलं नाही, येणार नव्हतंच. उरलेलं राहिलंय. दोरीचा अर्धा भाग मी मान वळवून बघते, आता सवय झाली.

तर गोष्ट अशी. संध्याकाळी मी दारात आले. तू खिडकीकडे तोंड करून बटाटे सोलत होतीस आणि खिडकीच्या काचेत तुझा चेहरा दिसत होता. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणतेस. मग मला ‘पाणी’ दिसलं, आणि ‘सातला येतं, तेही बारीक’ दिसलं. मग ‘भाडेकरूंनी भिंतीला खिळा ठोकलाय, बारकी ओरडली’. तू मध्ये थांबत होतीस, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तशी. आणि मग म्हणालीस, ‘वन्संनी आज थेंब स्वतःचे स्वतः घातले, एकही गालावर सांडला नाही. हट्टी आहेत, पण तुमच्याइतक्या नाहीत.’

तेव्हा कळलं कुणाशी बोलत होतीस.

मी मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही. मला दादाची बातमी कुणी इतक्या दिवसांत दिलेली नाही, आणि त्याला माझी कुणी देतं हे माहीत नव्हतं. मी उभी राहिले आणि तू बटाटे संपवेपर्यंत सगळं वाचलं. ज्याचं बोलणं त्याच्यापुरतं, हा एक्स्चेंजात आमचा पहिला नियम होता. तो मी नोकरीभर पाळला आणि काल मोडला.

तू हे थांबवू नकोस, एवढ्यासाठी लिहिते आहे. उद्यापासून त्या वेळी मी पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत जाईन. तुमचं दोघांचं होऊ दे. फक्त कधी सवड असली, तर त्याला माझ्याकडून एवढंच सांग, की बायको त्याने चांगली निवडली.

हे पत्र तुझ्या चष्म्याखाली ठेवते. चहाच्या वेळी उत्तर नको, तोंडाकडे बघवणार नाही.

तुझी माया मला पुरून उरते आहे.

तुझी,
नणंद

१८ ऑक्टोबर
स्वयंपाकघर

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

ते काही बोलत नाहीत. आधीही कमीच बोलायचे, त्यामुळे मला फारसा फरक पडत नाही. तुमचा निरोप मात्र तुम्हीच द्या, माझ्या तोंडून तो बरा दिसणार नाही.

भिंतीकडे तोंड करून बसायचं काही कारण नाही. उद्या संध्याकाळी इकडे या, दुसरी सुरी घ्या आणि माझ्या डाव्या हाताला बसा, म्हणजे मी तुम्हाला दिसेन. मी बटाटे सोलते, तुम्ही कांदे. आधी तुम्ही सांगा, मग मी सांगते.

चहा झालाय. लवकर या, निवेल.

तुमचीच,
वहिनी